कोल्हापूरच्या पोरांना शेवंड कशाला?
'कोल्हापूरला समुद्र नाही, मग शाळेत शेवंड कशाला शिकवायची?' असं कुणी कुणी विचारतं. शेवंड म्हणजे लॉबस्टर, खेकड्याच्याच नात्यातला कवचाचा समुद्री जीव. अहो, आमच्या पोरांना बांधावरचा खेकडा चांगला माहीत असतो! मागच्या पावसाळ्यात एकानं मादी उलटी धरली, तर पोटाखाली ज्वारीएवढी पिल्लं वळवळत होती. सगळा वर्ग गप्प. तिथूनच शेवंडीवर आलो. तीही अंडी पोटाखालीच वागवते, पण पिल्लं कागदासारखी चपटी, पारदर्शक, महिनोन्‌महिने समुद्रात वाहत राहतात. फार थोडी जगतात. म्हणून अंडीवाली मादी परत सोडायची. अमेरिकेत मेन राज्यातले मच्छीमार तिथल्या लॉबस्टरच्या अशा मादीच्या शेपटीला खाच पाडून सोडतात, म्हणजे पुढचाही तिला धरत नाही. आपल्याकडं २००३ पासून शेवंडीच्या निर्यातीला किमान वजन ठरलंय. मालवणला सहल नेलीत तर मुलांना जाळ्यापाशी जरूर उभं करा.