शब्दचर्चा : बटरफ्लायचं ‘किक टायमिंग’ म्हणजे ताल, लय की वेळ?

प्रश्न : पोहणं शिकवण्याच्या मराठी टिपणांत ‘किक टायमिंग’साठी कुठे ‘पायांचा ताल’, कुठे ‘लाथांची लय’, तर कुठे ‘ठेका’ असं लिहिलेलं दिसतं. बटरफ्लायपुरता (दोन्ही हात एकदम हवेतून पुढे आणून पोहण्याच्या प्रकारापुरता) नेमका शब्द कोणता? आणि ‘मोठी किक, छोटी किक’ ही जोडी वापरावी का?

उत्तर १ : ‘ठेका’ टाळा. ठेका म्हटलं की शिकणारा सारख्या अंतराने पाय मारू लागतो. बटरफ्लायमध्ये हातांच्या एका फेरीत किक दोन असतात, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. पहिली किक हात पाण्यात पडताना आणि दुसरी हात मांड्यांजवळून बाहेर निघताना. पहिलीनंतर हात पुढे लांबतात, पाणी पकडतात, ओढतात. दुसरीनंतर ते हवेतून झपकन पुढे येतात. शिकाऊ मुलगा पुढे जास्त वेळ तरंगत राहतो, त्यामुळे पहिली ते दुसरी हे अंतर वाढतं. ५० मीटरच्या शर्यतीत तेच आखडतं. मोजून मारलेली किक इथेच चुकते.

म्हणून साधा ‘वेळ’ हा शब्द बरा : ‘दुसऱ्या किकची वेळ चुकतेय.’ ‘लय’ पूर्ण स्ट्रोकसाठी, म्हणजे हात-पाय-श्वास मिळून होणाऱ्या एका फेरीसाठी, राखून ठेवावा.

उत्तर २ : सहमत. ‘लाथ’ मात्र अजिबात नको. लाथ गुडघ्यातून मारतात. ते ऐकून मुलं गुडघे पोटाखाली ओढतात, मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि वेग तिथेच मरतो. या किकची सुरुवात छाती-कमरेतून होते, गुडघा थोडाच वाकतो. ‘किक’ किंवा ‘पाय मारणं’ सगळ्यांना कळतं.

उत्तर ३ : ‘मोठी-छोटी’बद्दल. दुसरीला ‘छोटी’ म्हटलं की ती हळूहळू गळतेच, विशेषतः दमल्यावर. मग हात बाहेर काढायला खांद्यांवर जोर येतो, कोपर पाण्यात अडकतं, कंबर बुडते. ‘आत’ आणि ‘बाहेर’ या खुणा द्याव्यात : हात आत, पाय, हात बाहेर, पाय. किक हाताला बांधली जाते, मोजावी लागत नाही.

‘वेळ’मध्ये पाय वर येणंही धरा. हात पडायच्या आधी टाचा पृष्ठभागाजवळ पोचल्या नसतील, तर खाली मारायला अंतरच उरत नाही. तसं दिसलं तर ‘लवकर मार’ नव्हे, ‘पाय लवकर वर आण’ सांगायचं.

उत्तर ४ : श्वास विसरू नका. दुसऱ्या किकबरोबर हनुवटी पाण्याला लागून पुढे सरकते, श्वास होतो आणि हात पडायच्या आधी डोकं आत जातं. डोकं वर असतानाच हात पडले तर पहिली किक बुडलेली कंबर उचलण्यातच संपते. किक चुकल्यासारखी वाटते, पण मूळ चूक श्वासाची असते.

सरावासाठी एका हाताने बटरफ्लाय : दुसरा हात पुढे ताणलेला, श्वास बाजूला, ४ × २५ मीटर, मध्ये २०–३० सेकंद विश्रांती. मग दोन उजवे, दोन डावे, दोन पूर्ण असे स्ट्रोक. आखूड फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) चालतील. लांब फिन्समुळे पाय सावकाश फिरतो आणि वेळ बिघडते. दुसरी किक गळू लागली की तिथेच थांबा, पुढचे मीटर चुकीचीच सवय लावतात.

प्रश्नकर्ता : दोनच किक असा नियम आहे का?

उत्तर १ : नाही. नियमात संख्या नाही. दोन्ही पाय एकाच वेळी वर-खाली हलले पाहिजेत. आलटून-पालटून मारलेले पाय आणि ब्रेस्टस्ट्रोकची (बेडकासारखी) किक चालत नाही. १९५२ मध्ये बटरफ्लाय ब्रेस्टस्ट्रोकपासून वेगळा झाला. त्याआधी शर्यतीत हात बटरफ्लायचे आणि पाय ब्रेस्टस्ट्रोकचे अशी जोडी चालायची, त्यामुळे त्या काळच्या मजकुरात ‘किक’ दिसली तर आधी ती कोणती ते पाहून घ्या.