छातीवरच्या रंगीत रिबनी ओळखायच्या कशा?

कराडकर_पोरगा:
माझे चुलते मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. सोप्यात त्यांचा वर्दीतला फोटो आहे, डाव्या खिशावर रिबनींच्या तीन ओळी. परवा लग्नात एक पाव्हणा म्हणाला, हे नुसतं नोकरी केल्याचं असतंय, सगळ्यांनाच मिळतं. काका हसले आणि पंगतीला बसले, पण माझं डोकं फिरलं. कुठली रिबन कशाची ते कळतं का बघून?

जुना_सिग्नलवाला:
पाव्हणा अर्धा बरोबर आहे 😄 9, 20 आणि 30 वर्षं सर्व्हिसची वेगवेगळी मेडलं असतात, स्वातंत्र्याला 50 वर्षं झाली तेव्हाचंही एक आहे. पण सियाचीनचं, हाय अल्टिट्यूडचं तिथं दिवस काढल्याशिवाय मिळत नाही, पाव्हण्याला एक रात्र सोडा तिथं आणि मग विचारा. वरच्या ओळीपासून बघायचं, सगळ्यात मानाचं छातीच्या मध्याकडं असतं म्हणजे फोटोत आपल्या डाव्या हाताला.

रंगपंचमी:
शौर्याची ओळखायला सोपी. हिरव्यावर केशरी रेघा मोजायच्या, एक म्हणजे अशोक चक्र, दोन कीर्ती, तीन शौर्य, रेघ कमी तेवढा मान जास्त. युद्धातल्यात परमवीरची सबंध जांभळी, महावीर अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीर चक्र अर्धी निळी अर्धी केशरी. (परमवीरचं डिझाईन सावित्री खानोलकरांचं बरं का, मूळच्या युरोपातल्या, इकडे येऊन विक्रम खानोलकरांशी लग्न केलं. चार बाजूंना इंद्राचं वज्र.)

कराडकर_पोरगा:
आत्ता मोबाईलवर झूम करून बघितलं, हिरवी जांभळी काही नाही. वरच्या ओळीत डावीकडून पहिली पांढरी आहे आणि मधोमध लाल उभा पट्टा. सेना मेडल का?

रंगपंचमी:
हो, लाल पांढरं म्हणजे सेना मेडलच. अभिनंदन!

जुना_सिग्नलवाला:
थांबा थांबा, सेना मेडल उलटं असतं, लाल रिबन आणि मधे बारीक पांढरी रेघ. पांढऱ्यावर लाल पट्टा म्हणजे पराक्रम पदक, आमच्याकडं वुंड मेडल म्हणायचे. शत्रूशी लढताना जखम झाली तरच मिळतं, म्हणून नोकरीच्या मेडलांच्या आधी लागलंय. काकांना कुठं लागलेलं?

कराडकर_पोरगा:
डावा पाय ओढत चालतात. आम्हाला लहानपणापासून जीप उलटली होती म्हणून सांगितलंय. आत्ता काकूला विचारलं तर म्हणाली, त्यांनाच विचार, आणि चहा टाकायला गेली.