गडावर ड्रोन: 'रिटर्न टू होम'ची उंची किती ठेवावी?

प्रश्न: २४९ ग्रॅमचा ड्रोन आहे. लोहगडाच्या पायथ्यावरून उडवायचा विचार आहे. आरटीएच (रिटर्न टू होम, म्हणजे ड्रोन आपोआप परत येताना ज्या उंचीवरून येतो ती) ३० मीटर पुरेल का? परवाना लागतो का?

उत्तर १: ३० मीटरवर तो कड्याला धडकेल. ही उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नव्हे. वाटेतल्या सर्वात उंच अडथळ्याहून २०-३० मीटर जास्त ठेवा. कडाच शंभरेक मीटर उंच असेल तर हा बेतच सोडा, मोकळ्या पठारावरून उडवा. होम पॉइंट (परत येण्याची जागा) नोंदवला गेल्याशिवाय उडवू नका. कंपास कॅलिब्रेट करताना (दिशादर्शक जुळवताना) गाडी, लोखंडी रेलिंग (आणि हो, तोफाही) दूर हव्यात.

उत्तर २: २०२१च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण हवाई क्षेत्राचे नियम लागू होतातच. ग्रीन झोनमध्ये (मोकळ्या क्षेत्रात) ४०० फुटांपर्यंत मुभा, रेड झोनमध्ये (मनाई क्षेत्रात) केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. लोणावळ्याजवळ नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा झोनचा नकाशा आधी बघा. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

उत्तर ३: वारा विसरू नका. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे परतताना बॅटरी वाचते. ४० टक्क्यांवर मागे फिरा. कड्याच्या आडोशाला हवा खाली खेचते, हलका ड्रोन तिथे सावरत नाही.