माज नव्हे, दाढा बघा

घोडा लगाम घालू देत नाही, मान वर करतो, काय करावं, असं इथे एकाने विचारलंय. त्यावर ‘लगाम दिसला की मान वर करतो म्हणजे माजलाय, दोन फटके द्या’ हे एकाचं मत काही पटलं नाही. कान दुखतोय का बघा, हा दुसरा सल्ला बरोबर. पण दातांचं कुणीच बोललं नाही. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे दाढा सारख्या झिजत नाहीत. वरच्यांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून सुरीसारखी धार येते. लगामाने गाल आत दाबला की तो त्या धारेवरच घासतो.

माथेरानला एका घोडेवाल्या मामांची घोडी अशीच दात आवळून उभी राहायची. डॉक्टरांनी टॉर्च मारला तर गालाला आतून जखमा, आणि वरच्या पहिल्या दाढेपुढे हरभऱ्याएवढा एक बिनकामाचा दात. लगामाची तोंडात जाणारी लोखंडी कडी नेमकी त्यावर आपटत होती! तो काढला, दाढा कानशीने घासल्या. तरी पंधरा दिवस तिचं मान वर करणं चालूच. दुखणं गेलं तरी धसका कुठे जातोय लगेच? मग मामा कडीला गूळ चोपडायला लागले. आता स्वतःच तोंड पुढे करते, आणि गूळ नसला तर रुसते.