कौशल्य थेट मेंदूत उतरवता आले, तर शिक्षणाची गरज उरेल का?

प्रश्न – विज्ञानशिक्षिका

मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपली चिप पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवली, तेव्हापासून वर्गात एक प्रश्न वारंवार येतो. उद्या गणित, पोहणे किंवा जपानी भाषा थेट मेंदूत भरता येणार असेल, तर आज ही घोकंपट्टी कशासाठी? मुले हा प्रश्न टवाळी म्हणून विचारत नाहीत, त्यामुळे त्यांना तितकेच गंभीर उत्तर द्यावे असे मला वाटते. ही अडचण फक्त तंत्रज्ञानाची आहे, म्हणजे चार-दोन दशकांत सुटण्यासारखी आहे, की शिकण्यात असे काही आहे जे एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात हलवताच येत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद – चेतातंतू

आपण उल्लेख केलेल्या चिपपासूनच सुरुवात करतो. तिच्या ६४ अतिसूक्ष्म धाग्यांवर मिळून १,०२४ इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युत संकेत टिपणारी टोके, आहेत. हात हलवण्याचा विचार मनात आला की मेंदूच्या संबंधित भागात जी विद्युत हालचाल होते, ती हे इलेक्ट्रोड टिपतात आणि संगणकाच्या पडद्यावरचा कर्सर हलतो. माहिती मेंदूतून बाहेर येते. आत काहीही लिहिले जात नाही. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, आहेत, आणि त्यांच्यातील सूक्ष्म जोडण्या प्रत्येकाच्या मेंदूत वेगळ्या असतात, कारण त्या त्याच्या त्याच्या अनुभवातून घडलेल्या असतात. त्यामुळे एका व्यक्तीचे पोहण्याचे कौशल्य जसेच्या तसे उचलून दुसरीच्या मेंदूत ठेवावे, अशी सामायिक जागाच तेथे नसते.

लंडनच्या टॅक्सीचालकांवरील अभ्यास मुलांना अवश्य सांगा. तेथे परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्यासाठी सहसा तीन-चार वर्षे जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उमेदवारांच्या मेंदूचे प्रशिक्षणापूर्वी आणि नंतर स्कॅन घेतले गेले. जे उत्तीर्ण झाले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या (स्मृती आणि वाटा लक्षात ठेवण्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाच्या) मागील बाजूस करड्या द्रव्याची, म्हणजे चेतापेशींनी दाटलेल्या ऊतीची, वाढ दिसली. जे अनुत्तीर्ण झाले, त्यांच्यात ती दिसली नाही. याचा अर्थ मी असा लावतो की ज्ञान ही मेंदूत ठेवलेली वस्तू नसून मेंदूत झालेला बदल आहे, आणि तो बदल घडण्याच्या प्रक्रियेलाच आपण शिकणे म्हणतो.

आत लिहिण्याचे प्रयोग मात्र झाले आहेत, आणि त्यांतला एक मला फार मोलाचा वाटतो. झेब्रा फिंच या पक्ष्याचे नर पिल्लू बापाचे गाणे ऐकून गायला शिकते. डॅलस येथील संशोधकांनी २०१९ मध्ये, बापाचे गाणे कधीच न ऐकलेल्या पिल्लांच्या मेंदूतील ठरावीक पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा केल्या आणि त्या ठरावीक कालावधीच्या प्रकाशझोतांनी उद्दीपित केल्या. प्रकाशझोत जितका लांब, त्या प्रमाणात लांब स्वर ते पिल्लू मोठेपणी गाऊ लागले. म्हणजे स्मृती रोवता आली, पण ती केवळ स्वरांच्या लांबीची होती. शिवाय ती रोवल्यावरही पिल्लाला इतर पिल्लांप्रमाणेच बडबडत, चुकत, पुन्हा पुन्हा गाऊन पाहत ते गाणे गळ्यात बसवावे लागले. रियाज काही चुकला नाही.

प्रतिसाद – श्रवणतज्ज्ञ

मी कॉक्लियर इम्प्लांट झालेल्या मुलांसोबत काम करते. कान बाजूला ठेवून थेट श्रवणतंतूला विद्युत संकेत पोहोचवणारे हे उपकरण आज हजारो घरांत आहे, म्हणून या चर्चेत ते यायलाच हवे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी उपकरण सुरू केले जाते, तेव्हा नातेवाइकांची अपेक्षा असते की मूल आता हाकेला ओ देईल. प्रत्यक्षात अनेक मुले दचकतात, काही रडतात. संकेत मेंदूपर्यंत पोहोचलेला असतो, पण आईची हाक आणि मिक्सरचा आवाज यांत फरक करायला मेंदू अजून शिकलेला नसतो. मग वारंवार मॅपिंग, म्हणजे उपकरणाचे संकेत त्या मुलाला मानवतील असे जुळवणे, आणि वर्षानुवर्षे थेरपी सुरू होते. रोज सकाळी आई, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर हात धरून, आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी एकेक करून उच्चारते आणि ऐकू आल्यावर मूल डब्यात एक मणी टाकते. ‘स’ला मणी पडला नाही, तर ती नोंद आमच्याकडे येते. मुलाची भाषा तयार होते ती या चिकाटीतून. उपकरणाने दार उघडले, हे उपकार मोठेच आहेत. मात्र पुढची वाट मुलाला आणि त्याच्या आईलाच चालावी लागते.

प्रतिसाद – एक वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी एक आक्षेप नोंदवतो. कष्ट हाच शिक्षणाचा गाभा आहे असे म्हणताना आपण हे विसरतो की ते कष्ट घेण्याची सवड सर्वांना सारखी मिळत नाही. घर चालवण्यासाठी शाळा सोडलेल्या तरुणाला वेल्डिंग किंवा इंग्रजी वाचन निम्म्या वेळात आत्मसात करता आले, तर त्यात गैर काय? शिवाय २०१८ मध्ये मेंदूत इलेक्ट्रोड असलेल्या अपस्माराच्या रुग्णांची स्मरणशक्ती विद्युत उद्दीपनाने सुधारल्याचे प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा हा मार्ग अगदीच बंद आहे असे मानू नये.

प्रतिसाद – चेतातंतू

आपला आक्षेप रास्त आहे, आणि शिकण्याचा वेळ कमी करणाऱ्या कोणत्याही निर्धोक उपायाचे मी स्वागतच करीन. मात्र त्या प्रयोगात रुग्ण स्वतः काही यशस्वीपणे लक्षात ठेवत असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमधील संकेतांची जी घडण नोंदवली गेली, तिच्या आधारे तयार केलेले उद्दीपन त्यालाच परत दिले गेले. आधार त्याच्याच मेंदूचा होता. अशा साहाय्याने त्या तरुणाचे वेल्डिंग कदाचित लवकर पक्के होईल, पण ठिणगीचा रंग ओळखणारी नजर आणि हाताचा स्थिरपणा त्याला स्वतःच कमवावा लागेल.

प्रतिसाद – विज्ञानशिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. श्रवणतज्ज्ञ ताई, एक विचारायचे राहिले. तेच उपकरण मोठेपणी बसवले, तर परिणाम तोच मिळतो का? मुलांकडून हा प्रश्न नक्की येणार.

प्रतिसाद – श्रवणतज्ज्ञ

नाही, आणि फरक वयापेक्षा आधी काय शिकले गेले यावर अधिक अवलंबून असतो. बोलायला शिकल्यानंतर ज्यांचे ऐकणे गेले, अशा प्रौढांपैकी बरेच जण काही महिन्यांत संभाषण समजू लागतात, कारण शब्द आणि त्यांचे ध्वनी त्यांच्या मेंदूत आधीच रुजलेले असतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला तेच उपकरण विसाव्या वर्षी बसवले, तर दाराची घंटा आणि गाडीचा हॉर्न ऐकू येतो, परंतु केवळ ऐकून वाक्य समजणे बहुतेकांना फार कठीण जाते. म्हणून बाळाच्या जन्मानंतर पहिल्याच महिन्यात श्रवणचाचणी व्हावी असा आमचा आग्रह असतो. आपल्या वर्गातील कुणाच्या घरी तान्हे बाळ असेल, तर हेही त्यांना जरूर सांगा.