म्हादईच्या काठी तंबू : तुमचे अनुभव सांगा

आम्ही तीन कुटुंबं, बारा माणसं. त्यात चार पोरं आणि अडुसष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाई. नाताळच्या दिवसांत किनाऱ्याकडे फिरकायचं नाही एवढं पक्कं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या खोऱ्यात दोन रात्री काढायच्या आहेत, त्याही तंबूत. पण सासूबाईंना खाट आणि कमोड लागतो. म्हणजे ते ग्लॅम्पिंग म्हणतात तसलं काहीतरी.

गेल्या वर्षी एके ठिकाणी फसलो. फोटोत तंबूच्या दारातून नदी दिसत होती. प्रत्यक्षात आमच्या दारासमोर जनरेटर, आणि नदी उतारावरून पंचवीस मिनिटं खाली. मालक म्हणाला, फोटो खराच आहे, फक्त तो तंबू तुमचा नाही.

तेव्हा ज्यांनी गोव्यातल्या कुठल्याही नदीकाठी तंबूत रात्र काढलीय त्यांनी लिहा. जागेची जाहिरात नको, काय चुकलं ते हवंय.
— म्हापसेकरीण

~

मी इथलाच, सत्तरीत वाळपईजवळ माझं कुळागर आहे, म्हणजे पोफळी-माडांची बाग. पावणे येतात आणि 'नदीला अगदी लागून जागा हवी' म्हणतात, तिथूनच घोळ सुरू होतो. म्हादई उगम पावते पलीकडे, कर्नाटकात खानापूर तालुक्यात. तिकडे ढग फुटला तर आमच्याकडे ऊन असतानाही पाणी तांबडं होऊन चढतं. जुलै २०२१ मध्ये सत्तरीतल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. पावसात यायचं असेल तर राफ्टिंगला या, उस्ते गावाकडून साधारण दहा किलोमीटरचा पट्टा आहे, पण रात्री झोपायला पक्कं छप्पर घ्या.

तुम्ही डिसेंबरात येताय, तेव्हा पुराची भीती नाही. तेव्हाची गंमत वेगळी. बंधाऱ्यांना फळ्या घातलेल्या असतात, पाणी तुंबलेलं असतं. वरून बघाल तर हिरवंगार, हलत नाही की बोलत नाही. पाय टाकला की गुडघाभर, पुढचं पाऊल टाकलं की पुरुषभर. खाली शेवाळलेले गुंडे. पोरांना कुठं उतरू द्यायचं ते गावातल्या बाईला विचारा, जी तिथं रोज कपडे धुते. तंबूवाल्याला विचारू नका, तो बहुतेक बाहेरचा असतो.

आणि एक खूण. काठावरच्या झाडांकडे मान वर करून बघा. फांद्यांना वाळकं गवत, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतील. पावसात पाणी तिथवर आलं होतं. त्या रेषेखाली ज्याने पक्कं बांधकाम करून तंबू ठोकलेत, त्याच्या बाकीच्या व्यवस्थेवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

~

वाळपईकर बाबांचं ऐका. माझी भर थंडीबद्दल. गोव्यात कसली थंडी असं म्हणून आम्ही जानेवारीत एक-एक पातळ चादर घेऊन गेलो. नदीकाठच्या सखल कुरणात तंबू. रात्री गारठा उतारावरून ओघळून बरोबर तिथंच साचतो. आम्ही शहाण्यांनी सगळ्या झिपा लावून घेतल्या. पहाटे चारला नाकावर टप्पकन थेंब. आधी वाटलं दंव गळतंय. टॉर्च लावून बघितलं तर आमच्याच पाच जणांच्या श्वासाचं पाणी आतल्या कापडाला चिकटून मोत्यांसारखं लोंबत होतं, आणि यजमानांनी कूस बदलली की एकदम सर यायची! दुसऱ्या रात्री वरच्या जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, तंबू थोडा चढावर हलवला, डोक्याला मफलर. कोरडे झोपलो.

चढावर म्हणजे कुळागराच्या कडेला. तिथं वेगळंच. रात्री दोनला धप्प! धाकटा किंचाळला, 'वाघ!' पोफळीची विरी, म्हणजे पानाचा रुंद देठ, पडली होती, झावळीसकट. तंबूपासून दोन हातांवर. माडाखाली आणि पोफळीखाली तंबू नको, हे शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बाईला चाळिशीत कळलं.
— फोंडा

~

वाघावरून आठवलं. पोरांना घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण म्हादई अभयारण्यात पट्टेरी वाघ आहेत. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले, ती बातमी सगळ्यांना आठवत असेल. अभयारण्याच्या हद्दीत आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. खाजगी बागायतीत चालतं. ज्यांना फक्त जंगलात झोपायची हौस आहे आणि कापडच पाहिजे असा हट्ट नाही, त्यांनी बोंडला अभयारण्यातली वनखात्याची कॉटेजं बघा. तिथलं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद, एवढं लक्षात ठेवा.

~

मी सत्तरीत आरोग्य केंद्रात नर्स होते. सहल डिसेंबरची असेल तर हे वाचाच. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे. गोचिडीमुळे होतो, डिसेंबर ते मे हा जोराचा काळ, काजूच्या हंगामात जास्त. डास हाकलतो तसं गोचिडीला हाकलता येत नाही, ती चावलेली कळतही नाही. पालापाचोळ्यावर बसू नका, बसायचंच तर जाड ताडपत्री. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. दिसायला बावळट, असू दे. संध्याकाळी पोरांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा आणि तिथले कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

परत गेल्यावर आठवड्याभरात ताप, डोकं, अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की सत्तरीच्या जंगलात गेलो होतो. म्हापशातला डॉक्टर सांगितल्याशिवाय हा विचार करणार नाही. आमच्याकडे एक जण आठ दिवस घरी क्रोसिन घेत बसला होता.

एवढं सांगूनही मी स्वतः दर वर्षी जाते.

~

शेकोटी. आम्ही डिकीत लाकडं भरून नेली होती. वनरक्षकाने थांबवून विचारलं, मार्च २०२३ विसरलात का? म्हादईच्या जंगलात कितीतरी दिवस आगी धुमसत होत्या, हेलिकॉप्टरनं पाणी टाकावं लागलं होतं. खाली मान घालून लाकडं परत आणली. पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला आणि दारू प्यायला २०१९ पासून दंड आहे, तेही माहीत नव्हतं. खाजगी जागेत मालकाकडे अर्धं कापलेलं पिंप आणि जवळ पाणी असेल तर त्यात पेटवा.
— पणजी

~

वरचे सगळे डोंगराकडचे. मी दिवाडी बेटावरचा. आम्ही तंबू लावला गांजे गावाच्या बऱ्याच खाली, म्हादईलाच जिथं मांडवी म्हणतात त्या भागात. वाळू कोरडी, सपाट, देवाने आमच्यासाठीच केलेली. पुनव होती म्हणूनच गेलो, चांदणं बघायला. मध्यरात्री चपला तरंगत आत आल्या.

इथं समुद्र नदीतून आत येतो. पुनवेला आणि अवसेला भरती मोठी, पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं. भरतीची वेळ मासेमारीवाल्याला विचारायची अक्कल, खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला नसावी? घरी अजून कोणी पुनव म्हटलं की हसतात. कुंभारजुवेच्या बाजूला मगरी आहेत, तिकडे तर पाय सोडूनसुद्धा बसू नका. उगाच नाही बोरीत पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात.

~

पेट्रोल वाळपईतच भरा. पुढे रेंज जाते, गुगल पे चालत नाही, रोख ठेवा.

~

माझं माहेर केरी-सत्तरी. जेवणाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कॅम्पवाले पनीर बटर मसाला करून घालतात. एवढ्या लांब जाऊन पनीर! आदल्या दिवशी गावातल्या घरात सांगितलं तर उकड्या तांदळाचा भात, आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक म्हणजे रस्सा, सोलकढी, सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) मिळते. बारा माणसांचं सांगायचं असेल तर दोन दिवस आधी, आणि 'किती द्यायचे' हे जेवल्यावर नाही, आधी विचारा. ती बाई लाजून सांगत नाही आणि मग तुम्ही कमी देता. चार-पाच वेळा पाहिलंय.

रात्री दहानंतर स्पीकर बंद. कायदा आहेच, पण पलीकडच्या काठावरच्या घरात माझी काकी झोपलेली असते, पाण्यावरून आवाज अगदी उशाशी येतो.

~

सगळ्यांचे आभार. पोफळी आणि माड नसलेली जागा मिळाली, काठापासून वर, चिकूची बाग आहे. नाताळ सोडून जानेवारीचा दुसरा आठवडा धरला. मालकाला फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, 'पावसात पाणी कुठवर येतं?' तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, 'बाय, आजवर कोणी विचारलं नव्हतं. खालच्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत. तुमचे तंबू आंब्याच्या वर.' त्यानेच गावातली जेवणवाली सांगितली.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. वाघ, गोचीड, मगर, कशानेही त्या हलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, कापडाच्या भिंतीतून तुझ्या नवऱ्याचं घोरणं कितव्या तंबूपर्यंत जाईल?