कृष्णविवरातला मोड विझायच्या ऐवजी वाढतोय, चिन्ह कुठे चुकलं?

रत्नदुर्ग:
पाच मितींच्या अँटी-डी सिटर अवकाशातलं (ऋण वक्रतेचं, कडेला सीमा असलेलं) सपाट कृष्णविवर घेतलंय. झेड म्हणजे सीमेपासून आत जाणारा निर्देशक, मेट्रिकमधलं फल एफ = १ − झेड⁴, सीमा झेड = ० वर, क्षितिज झेड = १ वर, तापमान १/पाय. त्यात वस्तुमान नसलेलं स्केलर क्षेत्र (प्रत्येक बिंदूला एकच आकडा), संवेग शून्य. सीमेवर क्षेत्र शून्य ठेवून मोडचा, म्हणजे कृष्णविवराच्या स्वतःच्या हेलकाव्याचा, ओमेगा (वारंवारता) शोधला तर ३.१२ + २.७५ आय येतोय. काळाचा घटक ई^(−आय ओमेगा टी) आहे, म्हणजे हेलकावा वाढत जाणार. कृष्णविवर अस्थिर समजायचं का?

खारभूमी:
नाही हो. आकडा बरोबर आहे, दिशा उलटी. समीकरणात ओमेगाचा फक्त वर्ग येतो, त्यामुळे आत जाणारी आणि बाहेर येणारी लाट त्याला सारखीच. निवड क्षितिजावर आपण करायची. (१ − झेड) चा घातांक −आय ओमेगा/४ हवा, तुमच्याकडे + पडलाय. क्षितिज म्हणजे खारबंधाची उघाडी, झडप एकाच बाजूला उघडते. तुम्ही ती उलटी बसवलीत, मग भरतीचं पाणी शेतात येणारच.

दांडी_किनारा:
चिन्ह सुधारलं तरी नेमकं झेड = १ पासून सुरू करू नका, तिथे एफ शून्य असल्याने भागाकार फुटतो. १ − १०⁻⁴ ला मालिकेची तीन-चार पदं घेऊन निघा. खरं तर शूटिंग (क्षितिजापासून सीमेपर्यंत समीकरण सोडवत जाणं) सोडाच. आत जाणारे एडिंग्टन-फिंकेलस्टाइन निर्देशक घ्या: आत जाणारी लाट तिथे आपोआप गुळगुळीत होते, आणि ओमेगा पहिल्या घातातच उरतो. क्षेत्रातून झेड⁴ बाहेर काढा, चेबिशेव्हचे (टोकांना दाट असलेल्या जाळीचे) ४० बिंदू टाका, मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढा, तेच ओमेगा. मग ६० बिंदूंवर पुन्हा. जी मुळं जागची हलली ती खोटी.

रत्नदुर्ग:
±३.११९५ − २.७४६७ आय, पुढचा ±५.१६९५ − ४.७६३६ आय. दोन्ही हलत नाहीत. आता ग्रीन फंक्शन (सीमेवरच्या धक्क्याला मिळणारा प्रतिसाद) हवंय, पण सीमेजवळ झेड⁴ चा गुणक वाचताना लॉगचं पद मध्ये येतं.

खारभूमी:
येणारच, डेल्टा (सीमेजवळ क्षेत्राच्या प्रतिसादाचा झेडवरचा घात) ४ आहे. तो गोंधळ फक्त वास्तव भागात असतो. खऱ्या ओमेगासाठी काल्पनिक भाग फ्लक्सवरून (लाटेच्या प्रवाहावरून) काढा: (एफ/झेड³) गुणिले क्षेत्राची संयुग्मी गुणिले क्षेत्राचं अवकलज, याचा काल्पनिक भाग. हा झेडवर अवलंबून नसतो. झेड = ०.३ आणि ०.८ ला काढून बघा. दोन्हीकडे जुळला नाही तर गडबड कोडमध्ये आहे. शेवटी सीमेवरच्या क्षेत्राच्या मापांकाच्या (मॉड्युलसच्या) वर्गाने भागायला विसरू नका.